कोळशाचे जैविक निर्गंधकीकरण

दगडी कोळसा जाळण्यापूर्वी त्यातील गंधक सूक्ष्मजंतूंकरवी काढून टाकण्याची प्रक्रिया. गंधकयुक्त कोळसा जळताना सल्फर डाय-ऑक्साइड तयार होतो. या वायूने दमेकऱ्यांचा त्रास वाढतो आणि पाऊस आम्लधर्मी होतो. मुंबईतील ट्रॉम्बे औष्णिक केंद्रात १९८०च्या दशकात हा वायू समुद्राच्या पाण्याने धुऊन काढण्याची सोय झाली. डहाणूच्या केंद्रात ती २००७ मध्ये आली. ही दोन्ही उदाहरणे कोळसा जळल्यानंतरच्या उपायाची आहेत. सूक्ष्मजंतूंचे काम भट्टीच्या आधीचे.

यातला मुख्य जंतू ॲसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स. अमेरिकेतील कोळसाखाणींच्या आम्लयुक्त पाण्यात तो १९४७ मध्ये आढळला. कोळशातील गंधकाचा एक भाग पायराइट या खनिजात लोहाशी जखडलेला असतो. फेरिक लोह पायराइट विरघळवते आणि तसे करताना स्वतः फेरस होते. जंतू त्याचे पुन्हा फेरिक करतो आणि त्यातून मिळणाऱ्या ऊर्जेवर जगतो. गंधक सल्फेट होऊन पाण्यात उतरते. प्रयोगशाळेत हे डोळ्यांना दिसते: फेरस सल्फेटचे फिकट हिरवट द्रावण जंतू वाढू लागताच तांबूस होत जाते.

त्यासाठी कोळसा बारीक दळावा लागतो, पाण्याचे आम्लमान (पीएच) २ च्या आसपास आणि तापमान सुमारे ३० अंश सेल्सिअस राखून हवा खेळती ठेवावी लागते. आम्लता कमी झाली तर जारोसाइटचा पिवळा साका कोळशावरच बसतो आणि काढलेले गंधक परत येते. सारे जमल्यास पायराइटमधील ९० टक्क्यांपर्यंत गंधक निघते, पण त्याला एक-दोन आठवडे लागतात. घोडे अडते ते इथेच. रोज हजारो टन कोळसा जाळणाऱ्या केंद्राला इतक्या दिवसांचा साठा, त्याच्या कितीतरी पट पाण्यासह, टाक्यांत भिजत ठेवावा लागेल. वर आम्लयुक्त सांडपाणी निस्तरायचे ते वेगळेच. इटलीत सार्डिनियातील पोर्तो तोरेस येथे १९९०च्या दशकारंभी प्रायोगिक संयंत्र चालले, ते तासाला ५० किलो कोळशाचे. याच जंतूंना तांबे व सोन्याच्या खनिजांवर मात्र व्यापारी यश मिळाले आहे, कारण तिथे निघणाऱ्या धातूची किंमत वेळेचा खर्च भरून काढते.

वर्धा खोऱ्यातील कोळशात गंधक सहसा १ टक्क्याहून कमी असते. चंद्रपूर भागात खरी अडचण राखेची आहे. तरीही अर्धा टक्का गंधक म्हणजे टनामागे सुमारे १० किलो सल्फर डाय-ऑक्साइड, त्यामुळे कमी गंधकाचा कोळसा निर्धोक मानणे चूक. आसामच्या कोळशात साधारण २ ते ८ टक्के गंधक असते, पण बरेचसे कार्बनी रेणूंत गुंफलेले, पायराइटवरच्या जंतूच्या आवाक्याबाहेरचे. ऱ्होडोकॉकस जातीचे काही जंतू असे बंध कार्बनाला धक्का न लावता तोडतात. तेही सावकाश, आणि घट्ट कोळशापेक्षा द्रव इंधनात अधिक सहजतेने. भारतात या विषयावर पैसा आणि श्रम लावायचे असतील तर ते चंद्रपूरच्या कोळशापेक्षा आसामच्या कार्बनी गंधकावर लागले पाहिजेत.