हॉयत्सर प्रकरण

हॉयत्सर प्रकरण हे जर्मनीतील व्यावसायिक फुटबॉलमध्ये २००५ साली उघडकीस आलेले सामनानिश्चितीचे (मॅच फिक्सिंगचे) प्रकरण आहे. बर्लिन येथील पंच रोबेर्ट हॉयत्सर याने सट्टेबाजांकडून पैसे घेऊन २००४ मध्ये जर्मन चषक, दुसऱ्या श्रेणीची बुंडेसलीगा व प्रादेशिक लीग या स्पर्धांतील सामन्यांचे निकाल बदलण्याचा प्रयत्न केला. या कटाचा सूत्रधार आंते शापिना हा बर्लिनमध्ये राहणारा क्रोएशियन सट्टेबाज होता. नोव्हेंबर २००५ मध्ये बर्लिनच्या न्यायालयाने दोघांनाही कारावासाची शिक्षा सुनावली. २००६ च्या विश्वचषकाचे यजमानपद जर्मनीकडे असल्यामुळे या प्रकरणाची जगभर चर्चा झाली. पंचाची प्रामाणिक चूक आणि हेतुपुरस्सर दिलेला चुकीचा निर्णय यांतील फरक कसा सिद्ध करावा, या प्रश्नाच्या अभ्यासात हे प्रकरण महत्त्वाचे मानले जाते.

पार्श्वभूमी

फुटबॉलमध्ये गोलांची संख्या कमी असल्याने पंचाच्या एका निर्णयाचेही वजन मोठे असते. पेनल्टी किकवर बहुतेक वेळा गोल होतो आणि लाल कार्ड मिळालेल्या संघाला उरलेला सामना एक खेळाडू कमी घेऊन खेळावा लागतो. हे दोन्ही निर्णय पंचाच्या तत्कालीन आकलनावर अवलंबून असतात. त्या काळी व्हिडिओ सहायक पंचाची व्यवस्था नव्हती, त्यामुळे मैदानावरील निर्णय सामना सुरू असताना चित्रफीत पाहून बदलण्याचा मार्ग उपलब्ध नव्हता.

हॉयत्सरचा जन्म २८ ऑगस्ट १९७९ रोजी बर्लिन येथे झाला. जर्मन फुटबॉल संघटनेच्या (डीएफबी) होतकरू तरुण पंचांमध्ये त्याची गणना होत असे आणि तो दुसऱ्या श्रेणीच्या बुंडेसलीगातील सामन्यांत पंच म्हणून काम करत असे. बर्लिनच्या शार्लोटेनबुर्ग भागातील 'कॅफे किंग' हे शापिना बंधूंचे बैठकीचे ठिकाण होते. तेथेच हॉयत्सरचा त्यांच्याशी संबंध आला.

शापिना हा 'ऑडसेट' या सरकारी लॉटरी संस्थांच्या पैजव्यवस्थेत मोठ्या रकमा लावत असे. या व्यवस्थेत प्रत्येक निकालासाठी आधीच ठरावीक दर जाहीर केला जाई. दुबळ्या संघाच्या विजयावरील दर जास्त असल्याने असा विजय घडवून आणणे सर्वाधिक फायद्याचे ठरत असे.

पाडरबॉर्न–हांबुर्ग सामना

प्रकरणातील सर्वांत गाजलेला सामना २१ ऑगस्ट २००४ रोजी जर्मन चषकाच्या पहिल्या फेरीत झाला. तिसऱ्या श्रेणीतील एस.सी. पाडरबॉर्न ०७ आणि बुंडेसलीगातील हांबुर्गर एस.व्ही. हे संघ त्यात समोरासमोर होते. हांबुर्गने २–० अशी आघाडी घेतली. त्यानंतर हांबुर्गचा आघाडीचा खेळाडू एमील म्पेंझा याला पंचाशी हुज्जत घातल्याच्या कारणावरून हॉयत्सरने मैदानाबाहेर काढले आणि पाडरबॉर्नला दोन वादग्रस्त पेनल्टी किक बहाल केल्या. पाडरबॉर्नने सामना ४–२ असा जिंकला.

पंचाच्या कामगिरीवर त्या वेळी टीका झाली. तथापि या पराभवाकडे मुख्यतः हांबुर्गचे अपयश म्हणून पाहिले गेले. संघाचे प्रशिक्षक क्लाउस टॉपम्योलर यांना ऑक्टोबर २००४ मध्ये पदावरून दूर करण्यात आले. सामना विकला गेला होता हे त्यानंतर तीन महिन्यांनी उघड झाले. सामन्यापूर्वी एका अनोळखी व्यक्तीने आपल्याला १०,००० युरो दिल्याचे पाडरबॉर्नच्या कर्णधारानेही पुढे मान्य केले.

हॉयत्सरने काम पाहिलेला एल.आर. आलेन विरुद्ध वाकर बुर्गहाउझेन हा २२ ऑक्टोबर २००४ चा सामनाही संशयास्पद ठरला. त्यात आलेनने १–० असा विजय मिळवला होता.

प्रत्येक प्रयत्न यशस्वी झाला नाही. काही सामन्यांत पंच अनुकूल असूनही अपेक्षित निकाल लागला नाही आणि शापिनाने लावलेले पैसे बुडाले. पंच एखाद्या संघाला संधी मिळवून देऊ शकतो, परंतु त्या संधीचा गोल करणे खेळाडूंच्याच हाती असते, ही पंचांमार्फत होणाऱ्या सामनानिश्चितीची मर्यादा त्यातून दिसून आली.

प्रकरण उघडकीस

जानेवारी २००५ मध्ये लुट्स मिखाएल फ्रोइलिश, ओलाफ ब्लूमेनश्टाइन, मानुएल ग्रेफे आणि फेलिक्स त्स्वायर या चार पंचांनी हॉयत्सरविषयीचा आपला संशय डीएफबीला कळवला. हॉयत्सरने २१ जानेवारी रोजी पंचपदाचा राजीनामा दिला आणि दुसऱ्या दिवशी संघटनेने हे प्रकरण जाहीर केले. हॉयत्सरने सुरुवातीला सर्व आरोप फेटाळले; मात्र २७ जानेवारी रोजी कबुली देऊन त्याने तपासयंत्रणेला सहकार्य करण्यास प्रारंभ केला. लगेचच बर्लिनमध्ये शापिना बंधूंना अटक झाली.

हॉयत्सरला या व्यवहारांत एकूण ६७,००० युरो आणि एक प्लाझ्मा दूरचित्रवाणी संच मिळाल्याचे निष्पन्न झाले. त्याच्या जबाबातून डॉमिनिक मार्क्स या दुसऱ्या पंचाचा सहभागही समोर आला.

खटला व शिक्षा

बर्लिनच्या प्रादेशिक न्यायालयाने १७ नोव्हेंबर २००५ रोजी निकाल दिला. त्यातील मुख्य शिक्षा पुढीलप्रमाणे होत्या:

आंते शापिना – २ वर्षे ११ महिने कारावास
रोबेर्ट हॉयत्सर – २ वर्षे ५ महिने कारावास
डॉमिनिक मार्क्स – १ वर्ष ६ महिने स्थगित कारावास
मिलान शापिना – १ वर्ष ४ महिने स्थगित कारावास
फिलिप शापिना – १ वर्ष स्थगित कारावास

हॉयत्सरने दिलेली कबुली लक्षात घेऊन सरकारी पक्षाने त्याच्यासाठी दोन वर्षांच्या स्थगित शिक्षेची मागणी केली होती. न्यायालयाने त्याहून कठोर शिक्षा दिली. शिक्षा कायम झाल्यानंतर मे २००७ मध्ये तो तुरुंगात गेला आणि जुलै २००८ मध्ये त्याची सुटका झाली.

कायदेशीर प्रश्न

जर्मन दंडसंहितेत त्या वेळी सामनानिश्चितीसाठी स्वतंत्र कलम नव्हते. त्यामुळे खटला फसवणुकीच्या सर्वसाधारण कलमाखाली चालवावा लागला. फसवणूक झालेला पक्ष म्हणजे पराभूत संघ किंवा प्रेक्षक नव्हेत, तर पैज स्वीकारणारी संस्था होती. पैज लावणाऱ्याने त्या संस्थेला आपल्या पूर्वज्ञानाची माहिती देणे कायद्याने बंधनकारक आहे काय, हा कळीचा मुद्दा ठरला. अपिलाच्या सुनावणीत खुद्द संघीय अभियोक्त्यांनीच असे बंधन नसल्याची भूमिका घेतली आणि आरोपींना निर्दोष सोडण्याची मागणी केली.

संघीय न्यायालयाने (बुंडेसगेरिश्ट्सहोफ) १५ डिसेंबर २००६ रोजी ही मागणी अमान्य करून शिक्षा कायम केल्या. पैज लावणारी व्यक्ती आपण सामन्यात हस्तक्षेप केलेला नाही असे न बोलताही सूचित करत असते. म्हणून सामना निश्चित करून पैज लावणे ही फसवणूक ठरते, असे न्यायालयाने म्हटले. नुकसान मोजण्यासाठी न्यायालयाने दरातील तफावतीची संकल्पना वापरली. उदाहरणार्थ, एखाद्या संघाच्या विजयावर एकास पाच असा दर असेल, तर तो विजय साधारणपणे पाचांपैकी एकदाच होईल असे गृहीत धरलेले असते. पंच विकत घेतल्यामुळे ही शक्यता निम्म्यावर गेली, तर योग्य दर एकास दोन इतकाच राहतो. या तर्कानुसार पैज स्वीकारली त्याच क्षणी संस्थेचे नुकसान होते. निकाल काहीही लागला तरी गुन्हा पूर्ण होतो.

केवळ पैजेच्या नुकसानीवर आधारलेली ही मांडणी खेळाच्या सचोटीला थेट संरक्षण देत नाही, अशी टीका होत राहिली. अखेरीस २०१७ मध्ये क्रीडा पैजांतील फसवणूक आणि व्यावसायिक क्रीडास्पर्धांतील निकालबदल यांविषयीची स्वतंत्र कलमे जर्मन दंडसंहितेत समाविष्ट झाली. पंचांनी लाच घेण्याचा पैजेशी संबंधित गुन्हा त्यांत स्पष्टपणे नमूद आहे.

फुटबॉल संघटनेची कारवाई

डीएफबीने एप्रिल २००५ मध्ये हॉयत्सरवर आजीवन बंदी घातली. आलेन–बुर्गहाउझेन सामना पुन्हा खेळवण्यात आला. पाडरबॉर्न–हांबुर्ग सामन्याबाबत तसे करता आले नाही, कारण चषकस्पर्धेच्या पुढील फेऱ्या तोपर्यंत पार पडल्या होत्या. हांबुर्ग संघाला भरपाईदाखल ५ लाख युरो आणि हांबुर्ग येथे झालेल्या राष्ट्रीय संघाच्या सामन्याच्या उत्पन्नातील वाटा देण्यात आला. संघटनेने हॉयत्सरकडे नुकसानभरपाईचा दावा केला; तडजोडीनुसार त्याने १,२६,००० युरो मासिक ७०० युरोंच्या हप्त्यांनी देण्याचे मान्य केले.

पैजांच्या दरांतील असाधारण चढउतार टिपणारी पूर्वसूचना यंत्रणाही या प्रकरणानंतर उभारण्यात आली.

नंतरच्या घडामोडी

आंते शापिना शिक्षा भोगून बाहेर आल्यानंतर पुन्हा सामनानिश्चितीत गुंतला. बोखुम येथील तपासयंत्रणेने नोव्हेंबर २००९ मध्ये केलेल्या कारवाईत त्याला अटक झाली. युरोपातील नऊ देशांतील सुमारे २०० सामने त्या वेळी संशयाच्या कक्षेत होते. २०११ मध्ये त्याला साडेपाच वर्षांची शिक्षा झाली. अपिलानंतर २०१४ मध्ये ती पाच वर्षे करण्यात आली. या तपासाच्या ओघात युएफाने युक्रेनियन पंच ओलेग ओरिएखोव्ह यांच्यावर आजीवन बंदी घातली.

हॉयत्सरविरुद्ध माहिती देणाऱ्या पंचांपैकी फेलिक्स त्स्वायर यांनी आपल्याकडील माहिती तत्काळ कळवली नाही, या कारणावरून डीएफबीने त्यांना सहा महिने निलंबित केले होते, हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. पैसे स्वीकारल्याचा आरोप त्स्वायर यांनी सातत्याने नाकारला आहे. डिसेंबर २०२१ मध्ये डॉर्टमुंड–बायर्न सामन्यानंतर ज्यूड बेलिंगहॅम याने या जुन्या प्रकरणाचा उल्लेख करून त्यांच्यावर टीका केली. त्याबद्दल त्याला ४०,००० युरोंचा दंड झाला.

इतर देशांतील प्रकरणे

ब्राझीलमध्ये सप्टेंबर २००५ मध्ये एडिल्सन परेरा दि कार्व्हाल्यो या पंचाने सट्टेबाजांकडून पैसे घेतल्याचे उघड झाले. तेथील क्रीडा न्यायालयाने त्याने काम पाहिलेले राष्ट्रीय लीगमधील सर्व ११ सामने रद्द करून पुन्हा खेळवले. मूळ सामन्यांत कोरिंथियन्सचा दोनदा पराभव झाला होता. फेरसामन्यांतून त्यांना चार गुण मिळाले आणि त्यांनी इंतेरनासिओनालपेक्षा तीन गुण अधिक मिळवून विजेतेपद पटकावले. त्यामुळे भ्रष्टाचारावरील उपायानेच विजेता बदलला, असा वाद निर्माण झाला.

इटलीतील २००६ च्या 'काल्चोपोली' प्रकरणाचे स्वरूप वेगळे होते. त्यात पैजांचा संबंध नव्हता. संघांचे पदाधिकारी पंचांच्या नेमणुका करणाऱ्यांवर प्रभाव टाकत असल्याचे दूरध्वनी संभाषणांतून दिसून आले. युव्हेंतुसची दोन विजेतेपदे काढून घेण्यात आली व संघाला दुसऱ्या श्रेणीत पाठवण्यात आले.

विश्वचषक पात्रता फेरीतील दक्षिण आफ्रिका–सेनेगल सामन्यात (१२ नोव्हेंबर २०१६) घानाचे पंच जोसेफ लॅम्प्टी यांनी चेंडू सेनेगलच्या खेळाडूच्या गुडघ्याला लागला असताना हाताला लागल्याचे ठरवून पेनल्टी दिली. फिफाने त्यांच्यावर आजीवन बंदी घातली आणि सामना २०१७ मध्ये पुन्हा खेळवला. तो सेनेगलने २–० असा जिंकला.

चूक आणि भ्रष्टाचार यांतील फरक

वरील प्रकरणांत केवळ चित्रफितीवरून पंचाचा हेतू सिद्ध झाला नाही. हॉयत्सरविरुद्धचा पुरावा सहकारी पंचांची माहिती, त्याची स्वतःची कबुली आणि पैशांचे व्यवहार यांतून मिळाला. लॅम्प्टी यांच्याबाबत पैजांच्या दरांतील अनैसर्गिक हालचाल निर्णायक ठरली. इटलीत दूरध्वनी संभाषणे उपयोगी पडली. पाडरबॉर्नमधील निर्णय चुकीचे असल्याचे सामन्याच्या दिवशीच अनेकांच्या लक्षात आले होते, परंतु तशा चुका प्रामाणिक पंचांकडूनही होतात. म्हणून वादग्रस्त निर्णय हा चौकशीचे कारण ठरू शकतो, भ्रष्टाचाराचा पुरावा नव्हे. त्याचबरोबर, निर्णय साध्या चुकीसारखा दिसतो एवढ्यावरून तो प्रामाणिक होता असेही म्हणता येत नाही, हे हॉयत्सर प्रकरणाने दाखवून दिले.