बाबांचा प्रश्न आणि रोम

परवा माळ्यावरची जुनी ट्रंक आवरताना एम.ए.च्या वह्या सापडल्या. एकीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, "ग्रीस व रोम". पेरिक्लीस, प्यूनिक युद्धं, इ.स. ७९ मध्ये राखेखाली गाडलं गेलेलं पाँपेई... सगळं पाठ केलं होतं.

तेव्हा मी नागपूरला शिकायचो आणि सुट्टीत गोंदियाला घरी यायचो. बाबांनी एकदा वही चाळत विचारलं, "ह्या रोमचं आपल्याकडे काही आहे काय रे?" मी वैतागून म्हटलं, "आपल्याकडे काय असणार, बाबा?" ते गप्प झाले.

खरं तर होतं! पाँपेईत १९३८ साली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली, ती भारतीय घडणीची. तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती सापडली जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला. तिथलं १९७३ सालचं उत्खनन नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी मिळून केलेलं. म्हणजे मी पाँपेईची सनावळी घोकत होतो, आणि त्याच गोष्टीचं दुसरं टोक माझ्याच विद्यापीठाच्या लोकांनी मातीतून काढलं होतं.

आणखी जवळचं सांगतो. वैनगंगेकाठच्या पवनीत १९६९-७० मध्ये डॉ. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी बौद्ध स्तूप उजेडात आणला. गोंदिया जिल्हा १९९९ मध्ये भंडाऱ्यातून वेगळा झाला, म्हणजे बाबांनी विचारलं तेव्हा पवनी आमच्याच जिल्ह्यात होती. तिथल्या दगडांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवरही तशीच आहेत, आणि तिथले काही दाते स्वतःला 'यवन' म्हणवतात. नावं मात्र सिंहध्वज, धर्म अशी इथलीच! पवनीत रोमन आले होते असं मी म्हणत नाही. पण ज्या काळात तेर-पैठणचा माल भडोच बंदरातून ग्रीक-रोमन जगाकडे जात होता, त्या काळाचा आमचा मुलूखही एक भाग होता, एवढं नक्की.

मला हे कोणी शिकवलं नाही असं म्हणणं सोपं आहे. पण मीही कधी विचारलं नाही. ग्रीस-रोमचा पेपर वेगळा, प्राचीन भारताचा वेगळा, आणि दोन्हींच्या वह्या वेगळ्या. खरा इतिहास लांब कुठेतरी घडतो असं मीच धरून चाललो होतो. सातवी शिकलेल्या बाबांनी तसं धरलं नव्हतं, म्हणून तर त्यांना तो प्रश्न पडला.

बाबा आता नाहीत. उत्तर द्यायला तीस वर्षं उशीर झाला.

असो. घरातल्या पोरांनो, या दिवाळीला आलात की आधी पवनीला जाऊ. वाटेत विचाराल ते सगळं सांगेन, आणि वैतागणार नाही.