गहू : बियाण्याचे प्रमाण, खतमात्रा व उत्पादन

हेक्टरी किती बियाणे पेरावे आणि किती नत्र द्यावे, याची उत्तरे शिफारशींच्या तक्त्यात शेजारशेजारच्या रकान्यांत असतात. त्यामुळे दोन्ही वाढवले की उत्पादन वाढते असा समज होतो. महाराष्ट्राचा तक्ता तसे सांगत नाही. जिरायत गव्हाला 75 ते 100 किलो बियाणे व 40 किलो नत्र, बागायत वेळेवर पेरणीला 100 ते 125 किलो बियाणे व 120 किलो नत्र, आणि बागायत उशिरा पेरणीला 125 ते 150 किलो बियाणे, पण नत्र 80 ते 90 किलोच. बियाणे सर्वांत जास्त तिथे खत कमी. दाट पिकाला जास्त अन्न, एवढाच हिशेब असता तर हे उलट असते. हे दोन्ही आकडे मुळात पिकाच्या वाट्याला थंडीचे किती दिवस येतात आणि पाणी किती मिळते यावरून ठरतात.

बियाणे : गव्हाचे उत्पादन म्हणजे चौरस मीटरमधल्या ओंब्या, ओंबीतले दाणे आणि दाण्याचे वजन यांचा गुणाकार. बियाणे यांपैकी पहिल्या घटकावरच थेट परिणाम करते, आणि तिथेही पीक स्वतः दुरुस्ती करते. पेरणी विरळ झाली तर फुटवे वाढतात. दाट झाली तर फुटवे मरतात, ओंब्या आखूड राहतात. म्हणून बियाणे वाढवत गेल्यास उत्पादन आधी झपाट्याने वाढते, मग बराच काळ जवळजवळ सपाट राहते आणि शेवटी घसरते. मात्र फुटवे यायला थंड दिवस लागतात. पंजाबच्या मानाने महाराष्ट्राचा हिवाळा आखूड व सौम्य; 15 नोव्हेंबरनंतरच्या प्रत्येक पंधरवड्याच्या उशिराने हेक्टरी सुमारे अडीच क्विंटल घट येते, असे येथील शिफारशींत धरले जाते. डिसेंबरात पेरलेल्या गव्हाला फुटव्यांवर विसंबता येत नाही. ओंब्या मुख्य काडीवरूनच मिळवाव्या लागतात. वाढीव बियाणे आणि 22.5 ऐवजी 18 सेंटिमीटरवरच्या ओळी ही त्याची भरपाई आहे, पूर्ण भरपाई नव्हे. खरे तर प्रमाण किलोत सांगणेच ढोबळ आहे. हजार दाण्यांचे वजन 40 ग्रॅम असेल तर 100 किलोत चौरस मीटरला 250 दाणे पडतात; 50 ग्रॅम असेल तर 200च. लोक-1सारख्या टपोऱ्या वाणाला आणि बारीक दाण्याच्या वाणाला एकच किलो सांगणे म्हणजे दोन वेगळ्या पेरण्या सांगणे.

नत्र : नत्राचा प्रतिसादही असाच कमी होत जातो, पण त्याची मर्यादा वाण आणि पाणी ठरवतात. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे 1843 पासून चालू असलेल्या ब्रॉडबाल्क प्रयोगात बिनखताच्या पट्ट्याचे उत्पादन दीर्घकाळ हेक्टरी 1 टनाच्या आसपास राहिले, तर 1968 नंतर बुटके वाण आल्यावर नत्राच्या वरच्या मात्रांनाही पीक प्रतिसाद देऊ लागले. भारतात उंच देशी वाण जास्त नत्राने लोळत असत. लर्मा रोहो व सोनोरा 64 या मेक्सिकन वाणांमुळे ती अडचण बरीच दूर झाली. पाण्याची अट मात्र सुटली नाही. बागायतीत निम्मे नत्र पेरणीबरोबर आणि निम्मे 18 ते 21 दिवसांनी, मुकुटमुळे फुटताना, पाण्याबरोबर देतात. ते पाणी चुकले तर वर दिलेला युरिया बऱ्याच अंशी वाया जातो. जिरायतीत जास्त नत्राचे नुकसान थेट आहे. कोवळी वाढ जमिनीतली ओल लवकर संपवते आणि दाणा भरताना पीक कोरडे पडते.

आक्षेप : शेतकरी शिफारशीपेक्षा जास्त बियाणे टाकतात ते अज्ञानाने, असे म्हटले जाते. घरच्या बियाण्याची उगवण बेभरवशाची असते, फोकून पेरल्यास दाणे सारख्या खोलीवर पडत नाहीत. अशा ठिकाणी जादा बियाणे हा विमाच असतो. मात्र उगवण तपासून पाभरीने पेरणाऱ्याने तो हप्ता भरण्याचे कारण नाही. दुसरा आक्षेप ‘श्री’ पद्धतीवरून येतो. बिहारमध्ये अतिशय कमी बियाणे वापरून, टोकण करून भरघोस उत्पादनाचे दावे झाले आहेत. ते मान्य केले तरी तिथे अंतर, खुरपणी व पाणी सर्वच बदललेले असते. श्रेय एकट्या बियाण्याला देता येत नाही. शिवाय तिथला हिवाळा महाराष्ट्रापेक्षा थंड आहे, त्यामुळे विरळ रोपांना फुटवे काढायला वाव मिळतो. तिसरा आक्षेप किमतीचा आहे. जास्तीत जास्त उत्पादनाची मात्रा आणि जास्तीत जास्त नफ्याची मात्रा एक नव्हे. दुसरी नेहमी अलीकडे असते. युरिया स्वस्त असल्याने हा फरक शेतात जाणवत नाही, आणि शिफारशींतही तो क्वचितच दाखवला जातो.

स्फुरद व पालाश : बागायतीत बहुधा अनुक्रमे 60 व 40 किलो, पेरणीच्या वेळीच, माती परीक्षणानुसार फेरफार करावा.