सेनासाहेबसुभा

चांदूर रेल्वेहून नागपूरकडे निघालं की धामणगाव मागे पडतं आणि पुलगावच्या अलीकडे वर्धा लागते. इतिहास शिकवण्यात माझी हयात गेली. एका मोठ्या लष्करी हुद्द्याचा कणा ह्या नदीकाठी मोडला, हे मी दरवर्षी पोरांना सांगत आलो.

हुद्दा सेनासाहेबसुभा, नागपूरकर भोसल्यांचा. मेजर जनरलच्या खांद्यावर आज तलवार, दंडुका आणि तारा असतो, पगार सरकार देतं. सेनासाहेबसुभ्याला पगार कुठला? वऱ्हाडची चौथाई-सरदेशमुखी वसूल करायची, तिच्यावर फौज पोसायची आणि छत्रपतींचं बोलावणं आलं की घोडदळ घेऊन हजर व्हायचं.

परसोजी भोसल्यांची गोष्ट सांगताना माझा आवाज चढायचा. 1707 साली शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून खानदेशात आले, तेव्हा ते तोतया असल्याची आवई ताराबाईंच्या पक्षाने उठवली होती. परसोजी फौजेनिशी त्यांना जाऊन मिळाले आणि, परंपरा सांगते, सगळ्यांदेखत त्यांच्या ताटात जेवले. रक्ताची खात्री नसलेल्याच्या ताटात मराठा सरदार हात घालणार नाही, हे प्रत्येक जण जाणून होता. शाहूंनी हा हुद्दा परसोजींच्या घराण्यात कायम केला.

त्यांच्यामागे कान्होजी, मग रघूजी. रघूजींच्या फौजा बंगालपर्यंत गेल्या. तिकडे बर्गींचं, म्हणजे ह्याच मराठा स्वारांचं, नाव घेऊन आया लेकरं निजवतात, हेही आपण विसरू नये. इकडे वऱ्हाडात निजाम आणि भोसले यांचा दुअंमल होता. एकाच शिवाराच्या पिकावर दोघांचा हक्क, आणि भरणारा कुणबी एकच.

29 नोव्हेंबर 1803 ला इंग्रजांशी झालेली अडगावची लढाई भोसल्यांच्या हातून गेली, 15 डिसेंबरला गाविलगड पडला, 17 ला देवगावचा तह झाला. वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख निजामाकडे गेला. गाविलगड, नरनाळा आणि त्यांच्या भोवतालचा थोडा भाग तेवढा भोसल्यांकडे उरला. आमचं चांदूर निजामाकडे गेलं. ज्या वसुलीवर फौज उभी राहायची, तीच गेली. माझ्या मते हुद्दा तिथेच पोकळ झाला.

तरी इंग्रजांना असल्या हुद्द्यांचा धाक होता. 5 नोव्हेंबर 1817 ला खडकीला पेशव्यांशी त्यांची लढाई जुंपली. त्याच महिन्यात 24 तारखेला अप्पासाहेब भोसल्यांनी पेशव्यांकडून आलेली सेनापतिपदाची वस्त्रं नागपुरात जाहीरपणे स्वीकारली. रेसिडेंट जेंकिन्सने आधीच हरकत घेतली होती. वस्त्रं अंगावर घेणारा पेशव्यांच्या बाजूने लढाईला बांधला जातो, हे त्याला पुरतं कळत होतं. 26 च्या संध्याकाळी सीताबर्डीवर तोफा सुरू झाल्या आणि दुसऱ्या दिवशी भोसल्यांची फौज हटली. पुढच्या वर्षी अप्पासाहेबांची गादी गेली आणि नागपूरच्या फौजेवर इंग्रज अंमलदार बसले.