शिकागो रिव्ह्यू
शिकागो रिव्ह्यू हे अमेरिकेतील शिकागो विद्यापीठातून निघणारे वाङ्मयीन नियतकालिक आहे. १९४६ साली ते सुरू झाले. संपादन विद्यार्थ्यांकडे, आधार मात्र विद्यापीठाचा. पुढचा वाद पेटला तो इथेच.

१९५८ मध्ये विल्यम बरोज यांच्या तेव्हा अप्रकाशित असलेल्या ‘नेकेड लंच’ या कादंबरीतील उतारा त्यात आला. एका स्थानिक दैनिकाच्या स्तंभलेखकाने अश्लीलतेची ओरड केली आणि विद्यापीठाने हिवाळी अंक रोखला. संपादक आयर्विंग रोझेंथाल व बहुतेक सहकाऱ्यांनी राजीनामे दिले. रोखलेला मजकूर त्यांनी १९५९ मध्ये ‘बिग टेबल’ या स्वतंत्र नियतकालिकात छापला. टपाल खात्याने त्याच्या शेकडो प्रती अडकवल्या. प्रकरण न्यायालयात गेले आणि १९६० मध्ये न्यायाधीश ज्युलियस हॉफमन यांनी तो अंक अश्लील नसल्याचा निकाल दिला. शिकागो रिव्ह्यू मात्र बंद पडले नाही. विद्यार्थी संपादकांच्या नव्या तुकडीने ते पुढे चालवले.