मिनेहाहा पुन्हा पाण्यावर

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात मिनेटोंका सरोवराकाठी ट्राम संपायची आणि बोट सुरू व्हायची. ट्विन सिटी रॅपिड ट्रान्झिट या ट्राम कंपनीने १९०६ मध्ये तिथे सहा लाकडी वाफबोटी उतरवल्या. रंगही ट्रामचाच, पिवळा.

मोटारी वाढल्या, उतारू आटले. १९२६ मध्ये ‘मिनेहाहा’सह तीन बोटी मुद्दाम बुडवण्यात आल्या.

पाणबुड्यांना ‘मिनेहाहा’ १९७९ मध्ये सापडली. समुद्रात लाकूड पोखरणारे जीव गोड्या पाण्यात नसतात, शिवाय तळाशी गारवा. म्हणून सांगाडा टिकला. १९८० मध्ये ती वर आली, आणि खरा धोका तिथेच असतो: भिजलेलं लाकूड सुकताना आकसतं, तडकतं. जतनाची तजवीज नसेल तर बोट तळाशीच सुरक्षित. हिच्या वाट्यालाही वर्षानुवर्षांची उपेक्षा आली. अखेर स्वयंसेवकांनी ती नव्याने उभी केली आणि १९९६ मध्ये वाफेवरच उतारूंच्या फेऱ्या सुरू झाल्या.