दहा खाचांची फळी

बालमार्गदर्शन केंद्रात मूल तपासायला आणलं की मानसशास्त्रज्ञाच्या कपाटातून अनेकदा एक लाकडी फळी निघते. वर्तुळ, चौकोन, त्रिकोण, चांदणी, फुली अशा दहा खाचा आणि त्यांत नेमके बसणारे दहा ठोकळे. ठोकळे काढून मुलासमोर रचायचे, ‘लवकर लवकर लाव’ म्हणायचं आणि स्टॉपवॉच दाबायचं. असं तीनदा. त्यातली सर्वांत कमी वेळ धरून कोष्टकातून मानसिक वय काढायचं. हा सेग्विन फॉर्म बोर्ड. पण ज्याचं नाव त्याला मिळालं, त्या एदुआर सेग्विनला मुलांची वेळ मोजायची नव्हती; त्याला शिकवायचं होतं.

या फळीची कुळकथा सुरू होते १८०० साली, फ्रान्समध्ये. आव्हेरोंच्या रानातून आलेला, न बोलणारा एक मुलगा पॅरिसच्या मूकबधिर संस्थेत पोहोचला. नामवंतांनी तो सुधारण्यापलीकडचा ठरवला. झाँ इतार या तरुण डॉक्टरने मात्र त्याला व्हिक्टर हे नाव दिलं आणि शिकवायला घेतलं. त्याने एका फळीवर लाल वर्तुळ, निळा त्रिकोण आणि काळा चौकोन चिकटवले, तसेच पुठ्ठे कापून व्हिक्टरच्या हाती दिले. जोड्या जुळू लागल्या. पण पोरगा आकार ओळखतोय की नुसता रंग? म्हणून इतारने सगळे आकार एकाच रंगात केले. चूक कुठे होते ते पाहायचं आणि त्यावरून पुढचा धडा बेतायचा, ही त्याची रीत. मला इथे शिक्षक आणि मानसशास्त्रज्ञ एकाच माणसात दिसतात. व्हिक्टर बोलायला शिकला नाही, पण ही रीत टिकली.

इतारच्याच मार्गदर्शनाखाली सेग्विनने १८३७मध्ये एका मुलाला शिकवायला सुरुवात केली. आधी स्नायू, मग इंद्रियं, मग विचार, असा त्याचा क्रम होता. ज्याच्या हाताची पकड सैल आहे, त्याने ठोकळा उचलणं हाच पहिला धडा. पुढे तो बिसेत्र इथल्या रुग्णालयातल्या मुलांना शिकवू लागला, पण तिथून त्याला काढून टाकण्यात आलं. १८४६मध्ये त्याने आपली पद्धत ग्रंथात मांडली आणि पुढे तो अमेरिकेला गेला.

इथून फळीला दोन फाटे फुटले. एक रोमला गेला. मारिया माँटेसरीने इतार आणि सेग्विन यांचं लेखन स्वतःच्या हाताने उतरवून काढलं, आधी मतिमंद म्हटल्या जाणाऱ्या मुलांना त्या रीतीने शिकवलं आणि १९०७मध्ये वस्तीतल्या मुलांसाठी बालगृह उघडलं. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांच्यामार्फत हा फाटा आपल्या बालशिक्षणात आला.

दुसरा फाटा अमेरिकेत, हेन्री गॉडर्डकडे. गॉडर्ड आधी शाळेचा मुख्याध्यापक, मग मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेला. १९०६मध्ये तो न्यू जर्सीतल्या व्हाइनलँडच्या विशेष शाळेत संशोधक झाला. १९१२मध्ये त्याने फॉर्म बोर्ड बौद्धिक विकासाची चाचणी म्हणून मांडला. शिकवण्याची वस्तू मोजमापाची झाली. भाषेची अडचण नाही, म्हणून न्यू यॉर्कच्या एलिस बेटावर उतरणाऱ्या परदेशी लोकांची पारख करायलाही फळी वापरली गेली. मंदबुद्धी उपजतच असते आणि अशांना समाजापासून वेगळं ठेवावं, हे गॉडर्डचं म्हणणं त्या काळी फार पसरलं. शिक्षकाच्या हातून निघालेली वस्तू माणसं वगळायच्या कामी यावी, याचं मला अतिशय वाईट वाटतं. १९२८मध्ये गॉडर्डने स्वतःच ती मतं मागे घेतली, ही जमेची बाजू.

भारतात मैसूरच्या अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्थेत जे. भारत राज यांनी १९७१मध्ये इथल्या मुलांसाठी फळीची कोष्टकं प्रसिद्ध केली. त्याआधी, १९४०मध्ये, व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतलेल्या बिने बुद्धिमापन चाचणीवरचा ग्रंथ आला होता; आजही अनेक ठिकाणी फळी आणि बिने-कामत चाचणी जोडीनेच वापरतात.

मोजमाप लागतंच. त्याशिवाय दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र नाही, सवलत नाही, कित्येकदा शाळाप्रवेशही नाही. पण फळीवर मूल जे करतं ते सेकंदांत मावत नाही. एक मूल चांदणी फुलीच्या खाचेत दाबत बसतं. दुसरं ठोकळा फिरवून पाहतं. तिसऱ्याला आकार कळलेला असतो, हात ऐकत नाही. तिघांची वेळ सारखी भरू शकते, तिघांचा पुढचा धडा मात्र निराळा. हे परीक्षकाला समोर दिसत असतं. अहवालात आकड्याखाली त्याबद्दलच्या दोन ओळी आल्या, तर विशेष शिक्षिकेला सोमवारी वर्गात कुठून सुरुवात करायची ते कळेल.